डाव्या बाजूचे दगड

कुणाच्या बंगल्यात शिरलो की माझं लक्ष आधी यजमानाकडे जात नाही, रस्त्याच्या कडेला जातं. मुलगी म्हणते, ‘बाबा, माणसं वर बसलीत, तुम्ही खाली काय शोधता?’ आता तिला काय सांगू! कुठला दगड कललाय, कुठल्याच्या बुडाशी पोकळ आहे आणि लावणाऱ्यानं मालकाला नेमकं कुठे गंडवलंय, ते मी बघत असतो. माझा स्वभाव संशयी आहे, हे मी नाकारत नाही. मुरमाच्या रस्त्यांना कडेचे दगड लावण्यात माझी उमर गेली आणि त्या धंद्यात भोळा माणूस टिकत नाही. गाडीवाला वरच्या थराला चांगला दगड रचतो आणि खाली भुसकट भरतो. मुरूमवाला मुरमात माती मिसळतो. मजूर मुरूम दाबायला धुमस आपटतो तेव्हा आवाज मोठा काढतो आणि जोर कमी लावतो. या सगळ्यांवर डोळा ठेवता ठेवता तो डोळा तसाच होऊन जातो, मग घरच्या माणसाकडेही तो तसाच बघतो.

स्वातंत्र्यानंतरच्या चार-सहा वर्षांत आमच्या धुळ्या-जळगावकडे कापसाचे व्यापारी, वकील, डॉक्टर अशा लोकांकडे मोटारी आल्या. मोटार आली की ती फाटकातून पोर्चपर्यंत नेणारा रस्ता लागतो. डांबर तेव्हा सरकारी रस्त्यांनाही पुरत नव्हतं, खासगी माणसाला कुठून मिळणार! म्हणून लाल मुरूम. आणि मुरूम आला की कडेला दगड आलाच. पुष्कळांना वाटतं, तो शोभेसाठी असतो. शोभा चुन्यानं येते, दगडानं नाही. मोटारीचं चाक मुरमाला बाहेर ढकलतं. कडेला धरून ठेवणारं काही नसेल, तर दोन पावसाळ्यांत रस्ता अंगणभर पसरतो आणि मधे चिखल उरतो. दगड हा त्या मुरमाचा बांध आहे.

लावायची रीत अवघड नाही. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. दोरीच्या बाजूनं दीड हात खोल चर खणायचा आणि त्यातली काळी माती झाडून सगळी बाहेर काढायची. चरात लाल मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचा. त्यावर दगड असा बसवायचा की त्याचे दोन हिस्से जमिनीत आणि एक हिस्सा वर. दगडाचा माथा दोरीला नुसता टेकला पाहिजे, दोरी ढकलली जाता कामा नये. एवढंच. यातलं दोरीचं काम सगळ्यांना दिसतं, म्हणून ते सगळे नीट करतात. चराचं काम मातीखाली जातं, म्हणून लबाडी करायची तर तिथेच होते.

गिऱ्हाइकं माझ्याहून संशयी भेटली, हेही सांगायला हवं. धुळ्याला एक निवृत्त मामलेदार होते. ते रोज सकाळी काठी घेऊन निघायचे आणि ओल्या मुरमातल्या एकेका दगडाला काठीनं टोचून विचारायचे, ‘मेस्त्री, हा हलतो का?’ पहिल्या दिवशी एकही हलत नव्हता. आठव्या दिवशी सगळे हलायला लागले, तेव्हा म्हणाले, ‘बघा, मी सांगत नव्हतो?’ जामनेरला तर मी जेवायला बसलो तेवढ्यात शेजारच्या बायकांनी माझ्या रांगेतल्या एका गोल दगडाला शेंदूर फासला. आधी तो कुठल्या झाडाखाली होता कोण जाणे. घरच्या अक्का हात जोडून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, ‘आता त्याला हात लावायचा नाही.’ रस्ता तिथे वळवून घेतला. पुढे मोटारीचा ड्रायव्हर तिथून जाताना नमस्कार करायला लागला आणि एकदा नमस्कारात गाडी तुळशीवृंदावनाला लावली.

या सगळ्या कामांत माझ्याबरोबर लहानू असायचा. लहानू पाथरवट, साक्रीकडचा. अंगानं वाळका, बोलणं फार थोडं, पण दगडाला टाकी लावावी तर त्यानंच. दगड हातात फिरवून तो त्याचा पाय कुठला आणि डोकं कुठलं हे सांगायचा. मी दोरीचा माणूस, तो दगडाचा. अकरा वर्षं आम्ही एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले. आता जे सांगणार आहे ते त्याच्याबद्दल आहे. बाकीचं मी एवढा वेळ सांगत बसलो, कारण हे सांगायला जीभ लवकर रेटत नाही.

चोपन्न-पंचावन्न साल असेल. शिरपूरच्या कडेला कापसाचे एक मोठे बागायतदार होते, त्यांना सगळे आबा म्हणत. नवा बंगला, नवी मोटार. शेजारीच धाकट्या भावाचं, नानांचं घर. बापाच्या मागे दोघांची वाटणी झाली होती ती तोंडी, दोन घरांमधली काळी जमीन सारखी वाटून. मध्ये कुंपण नाही, खूण नाही. आबांच्या मोटारीचा रस्ता त्या वाटणीच्या बाजूनं जाणार होता, म्हणजे त्याच्या डाव्या कडेचे दगड नानांच्या जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर येणार होते.

मी पहिली खुंटी ठोकली आणि नाना खाटेवरून उठून आले.

‘मेस्तरी, तुमनी दोरी कोना बाजूनी शे?’

‘दोरी कुणाच्या बाजूची नसते नाना, सरळ असते.’

‘ते आम्ही देखसू,’ म्हणाले आणि खाट उचलून रस्त्याच्या कडेला घेऊन आले. तेव्हापासून सुपारी कातरत तिथेच बसून असायचे. कुळकायद्याचे दिवस होते. कोणी जमिनीवर दोरी धरली की गावाला धडकी भरायची आणि दगडांची रांग म्हणजे तर हद्दच. उन्हात एकदा नानांनी मला चहाला बोलावलं. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून गेलो. परत आलो तर आबा कमरेवर हात ठेवून उभे.

‘नानाना चहा गोड व्हता का?’

त्या एका कपानं सगळा घोटाळा झाला. नानांना वाटत होतं मी आबांचा माणूस, आबांना वाटलं मी नानांना फितूर झालो. दुसऱ्या दिवशी आबांनी जाहीर केलं की उजवी बाजू मेस्तरी लावतील, पण नानांकडची डावी बाजू ते स्वतः लावणार. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की विलायतेत मोठमोठे लोक आपल्या बागेतले दगड आपल्या हातांनी लावतात. मी रीत सांगितली, खुंट्या मारून दिल्या, दीड हाताची काठी मापाला दिली आणि बजावलं, ‘आबा, काळी माती पूर्ण काढा. लाल मुरूम दिसेपर्यंत दगड ठेवू नका.’ ‘मी शेतकरी शे, खोदानं माले काय शिकाडतस?’ आबा म्हणाले. मला धुळ्याला दुसरं काम उरकायचं होतं. उजवी बाजू पुरी करून, लहानूला दगड घडवून द्यायला तिथे ठेवून मी पाच दिवस गेलो.

परत आलो तेव्हा डावी बाजू तयार होती. दोरी लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे माथे दोरीला टेकलेले. आबांनी मिशीवर हात फिरवला. मी चांगलं म्हटलं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे चर उकरून पाहिले, त्यानं त्या दिवशी एकही दगड उचलून पाहिला नाही. कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. लहानूच्या डोक्याला नवंकोरं फडकं होतं, किरमिजी रंगाचं. ‘कुठून आणलंस?’ विचारलं. ‘नानानी घरवालीनी दिधं,’ तो म्हणाला. का दिलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, पण माझ्या मनात ते रुतून बसलं. पाच दिवस तो नानांच्या ओसरीवर राहिला होता, जेवला होता, आणि वर पागोटं!

श्रावणात आबांचं पत्र आलं. डावीकडचे दगड सरकले, ताबडतोब या. लहानूला घेऊन निघालो. सर्व्हिस मोटारीच्या फाट्यावर उतरल्यावर तो म्हणाला, ‘मेस्तरी, आधी दगडनी खाले देखूत.’

‘आधी माणसं बघू,’ मी म्हणालो.

आणि माणसं जमलेलीच होती. गावातले पाच शहाणे ओट्यावर बसले होते. रस्त्याची उजवी कड, मी लावलेली, दोरीत होती. डावीचं मात्र मधोमध पोट सुटलं होतं, नानांच्या अंगाला चांगली वीतभर. काही दगड बाहेर कलले होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडं झालं होतं.

‘सगळा दगड मनाकडे सरकी ऱ्हायनात!’ नाना ओरडत होते. ‘आज वीतभर, उद्या हातभर, मंग मनं घर!’

‘तूच वढी लिनात!’ आबा ओरडले. ‘माले बदनाम कराले!’

‘दगड काय आपला पायवरी चालतस का?’ पंचांतला म्हातारा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. ‘मेस्तरी, तुमनी दोरीच वाकडी व्हती असं म्हनूत का मंग?’

भांडण मिटवायला दोघा भावांना तिसरा माणूस सापडला होता. नानांनी मान हलवली, आबांनीही हलवली. दोरीच्या माणसाला दोरी वाकडी म्हटलं की संपलं. शिरपूरचा बोभाटा आठ दिवसांत जळगावला जातो, मग कोण बोलावणार होतं मला? माझं सगळं नाव त्या एका दोरीवर लोंबत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मला ते किरमिजी फडकं दिसलं.

‘माझी दोरी सरळ होती,’ मी म्हणालो. ‘मी तपासून गेलो होतो. माझ्या मागून कुणी दगड सैल करून ठेवले असतील तर ज्याला दगड कळतो त्यानं ठेवले असतील. हा पाच दिवस नानांकडे राहिला, त्यांचं खाल्लं, त्यांचं पागोटं घातलं. त्याला विचारा.’

लहानूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो चिडेल, आकांडतांडव करील. तो चालत डाव्या बाजूला गेला, एक कललेला दगड पायानं बाजूला केला, त्याच्या बुडाशी हात घातला आणि मूठभर ओली काळी माती घेऊन पंचांसमोर येऊन उभा राहिला. मूठ उघडून हात पुढे केला.

‘हाई काळी मायनी आन. घडी दिधा, पन मागून मी या दगडले हात बी लावेल नही.’

आमच्याकडे शेतकरी अशी काळ्या मातीची आन घेतो, तेव्हा पुढे कोणी बोलत नाही. म्हाताऱ्या पंचानं मान खाली घातली. मला दिसलं की आबांनीही नजर वळवली. मला वाटलं, आता सगळे लहानूचं ऐकणार आणि दोरी पुन्हा माझ्या गळ्यात येणार. मग मी ते वाक्य बोललो. अजूनही आठवलं की अंगाला घाम येतो.

‘ज्याची वीतभर जमीन नाही, त्यानं मातीची आन कशी घ्यायची? त्याचं मातीत काय आहे?’

लहानू थोडा वेळ तसाच हात पुढे करून उभा राहिला. तो हात त्यानं पंचांच्या बाजूनं काढून माझ्याकडे वळवला होता, हेही मला आता आठवतं. मग त्यानं ती माती जिथून आणली होती तिथे नेऊन ठेवली, हात झटकले, टाकी-हातोड्याची पिशवी खांद्याला लावली आणि फाटकातून निघून गेला. मोटारीचा फाटा उजवीकडे होता, तो डावीकडे पायी गेला.

पंचांनी दोष त्याच्यावर टाकला, भावांनी दगड पुन्हा रांगेत ओढून घेतले आणि माझं नाव शाबूत राहिलं. शिरपूर तालुक्यात लहानूला नंतर कुणी पाटाही टाकी मारून टाकवायला दिला नाही, हे मला कळलं होतं. मी मनाला सांगत राहिलो की अकरा वर्षं साप पाळला. संशयी माणसाला हे एक बरं असतं, त्याला पुरावा लागत नाही आणि पुरावा समोर आला तरी दिसत नाही.

पुढच्या चैत्रात आबांनी पुन्हा बोलावलं. पत्रात काही लिहिलं नव्हतं, नुसतं ‘या.’ गेलो. उन्हानं जमीन भेगाळली होती. खानदेशातली काळी जमीन ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, ती पावसाळ्यात फुगून भाकरीच्या पिठासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की कोंबडीचं पिल्लू आत पडावं. डाव्या दगडांच्या अगदी बुडालगत एक लांबच लांब भेग गेली होती आणि सगळी रांग आता त्या भेगेत कलली होती. कोणी हलवायची गरज नव्हती. मी माझी दीड हाताची काठी त्या भेगेत घातली, ती मुठीपर्यंत खाली गेली. उजवीकडे भेगही नव्हती.

मी गुडघ्यावर बसलो आणि एक दगड उपटला. चार बोटं खोल होता. खाली मुरमाचा एक खडा नव्हता. नुसती काळी माती. दुसरा उपटला, तिसरा उपटला. पहिले आठ-दहा दगड सोडले तर सगळीकडे तेच. पावसात ती माती फुगली, आबांची मोटार रोज जाऊन मुरूम बाहेर रेटत राहिली आणि चार बोटांवर उभे दगड जातील तिकडे गेले. एवढं साधं होतं.

मी वर पाहिलं. आबा पोर्चच्या पायरीवर बसले होते.

‘कटाळा उना व्हता मेस्तरी,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘पहिला दहा दगडपर्यंत खोदं. मंग हातले फोड उनात. वरतून सरळ दिखे ना, मंग तसंच ठेवं.’

‘लहानूनं पाहिलं नाही?’

‘त्यानी दोनदा सांगं, खोदा म्हनीसन. मीच त्याले मना पोऱ्यानी आन घाली, मेस्तरीले सांगू नको म्हनीसन. तुमनासमोर माले शरम वाटे.’

‘आणि पंचांपुढे तुम्ही तोंड शिवून बसलात?’

तेवढ्यात पलीकडून नानांची बायको डोक्यावर पदर घेत आली, तिला वाटलं पुन्हा भांडण लागलं. मी तिला विचारलं, ‘अक्का, लहानूला ते फडकं कशाबद्दल दिलं होतं?’ ती म्हणाली, त्यानं तिचा पाटा-वरवंटा टाकवून दिला होता, काही घेत नव्हता, म्हणून बळंच दिलं.

मला तिथेच मातीत बसून राहावंसं वाटलं. आबांना घेऊन मी पंचांकडे गेलो आणि त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं. म्हातारा पंच म्हणाला, ‘झाय ते झाय. तो मानूस ते गया.’ सबंध डावी बाजू मी पुन्हा उकरली आणि दीड हात लाल मुरूम भरून लावली. या वेळी दोरीसुद्धा बांधली नाही, डोळ्यांनी लावली. ती हलली नाही. पण तो माणूस गेला होता, एवढं म्हणून मला सुटता येणार नव्हतं.

साक्रीच्या बाजाराच्या दिवशी मी त्याला शोधायला गेलो. भांड्यांच्या दुकानांच्या मागे, निंबाच्या सावलीत, बायका पाटे आणि जाती टाकवायला घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मध्ये लहानू. आणखी वाळला होता. डोक्याला काही नव्हतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. त्यानं मान वर केली, मला ओळखलं आणि पुन्हा पाट्यावर टाकी ठोकायला लागला.

‘लहानू, खाली काळी माती होती,’ मी म्हणालो. ‘आबांनी खोदलंच नव्हतं. मी उकरून पाहिलं.’

टाकी चालू होती. पाट्याची एक ओळ पुरी झाली तेव्हा तो म्हणाला, ‘मी तीच तं तुमले दखाडी ऱ्हायंतू.’

मला काही कळेना. आणि मग कळलं. त्याचा तो पुढे केलेला हात, दगडाच्या बुडातून काढलेली ती मूठभर माती. तिथे लाल मुरूम असायला हवा होता आणि हातात काळी होती. आबांनी घातलेल्या मुलाच्या आनेमुळे तो तोंडानं सांगू शकत नव्हता, म्हणून हातावर घेऊन दाखवत होता. आधी पंचांना, मग मला. पंचांना ते कळायचं कारण नव्हतं. कळायचं तर त्या सगळ्या माणसांत एकट्या मलाच. आणि त्या वेळी मी बघत होतो त्याच्या डोक्यावरचं फडकं.

‘चूक झाली,’ मी म्हणालो. ‘पंचांसमोर सगळं सांगितलं मी. आबांनीही कबूल केलं. आता चल. जळगावला काम आहे, दोन महिन्यांचं.’

त्यानं पाट्यावरची भुकटी तळव्यानं पुसली, फुंकर मारली आणि पाटा समोरच्या बाईच्या हाती दिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

‘मेस्तरी, बिगर जमीनना मानूसनी आन आते चालस का?’

‘चालते,’ मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, जशी एखाद्या गिऱ्हाइकानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. मग पुढच्या बाईचा पाटा पुढ्यात ओढला आणि टाकी उचलली. मी बाजार उठेपर्यंत तिथे बसलो होतो. त्यानं अकरा पाटे टाकवले, पुन्हा एकदाही वर पाहिलं नाही.